वाढीव इंचाची पट्टी

श्रीराम पांचाळांचा दिवस पहाटे तीन चाळीसला सुरू व्हायचा. गजर चारचा लावलेला असायचा, पण अमेरिकेत आल्यापासूनच्या सोळा वर्षांत त्यांनी त्याला एकदाही वाजू दिलं नव्हतं. पहिली पाळी साडेपाचची. पाच वाजता बाकावर हत्यारं मांडलेली पाहिजेत, मग कॉफी. या क्रमात कधी बदल झाला नाही.

१९८४च्या ऑक्टोबरातला तो शनिवार सुट्टीचा होता. तरी ते तीन चाळीसलाच उठले, दाढी केली, कामावरचे बूट घातले आणि कामावरचंच जाड जाकीट चढवलं. स्वयंपाकघरात दिवा होता. सुलभाताई त्यांच्याही आधी उठल्या होत्या. ओट्यावर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. तांदूळ, तूरडाळ, गूळ, नारळ, तुपाची बरणी.

"हे काय?"

"शिधा. मठात जायचंय ना? रिकाम्या हातानं जायचं का?"

"आणि दुपारचा डबा?"

"मठात गेल्यावर डबा कशाला? दुपारची पंगत असतेच की."

पांचाळांनी विचार केला. राजापूरकडच्या मठात ते लहानपणी जात तेव्हा पंगत असायची, हे खरं होतं. ते म्हणाले, "बरं," आणि पिशवी उचलून गाडीत ठेवली.

मागच्या सीटवर त्यांची एकुलती एक मुलगी वीणा ब्लँकेट पांघरून बसली होती. वय एकोणीस. ॲन आर्बरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, नो. प्लीज. इट्स नॉट अ टेंपल."

"मठ आहे ना?"

"कॅथलिक मोनॅस्टरी आहे."

"साधू राहतात ना? मग जेवत असतील."

वीणानं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

ही सहल आदल्या संध्याकाळी ठरली होती. शुक्रवारी वीणा घरी आली ती एक फॉर्म घेऊन. इंजिनिअरिंग सोडून इतिहास घ्यायचा, तोही युरोपातल्या मध्ययुगाचा, असं तिनं ठरवलं होतं. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. सही तिचीच लागत होती. पण फी बाबांच्या पगारातून जाते, तेव्हा त्यांनी हो म्हटल्याशिवाय सही करायची नाही, हेही तिनंच ठरवलं होतं.

पांचाळ रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्यात काम काय असतं?"

"म्हणजे?"

"काम म्हणजे काम. सकाळी उठून करायचं काय?"

"वाचायचं, लिहायचं. जाऊन बघायचं. किल्ले, मठ, नाइट्स म्हणजे ते चिलखतवाले सरदार कसे राहायचे ते."

"मग दाखव. उद्या."

"बाबा, ते सगळं युरोपात आहे." मग तिला आठवलं. ओहायोत एका टेकडीवर एक किल्ला होता, आणि त्याच्यापुढे तासाभरावर एक मठ. मठाचं अंगण खरंखुरं आठशे वर्षांचं. फ्रान्समधून दगड खोक्यांत भरून आणून इथं पुन्हा रचलेलं.

"एक दिवस," पांचाळ म्हणाले. "त्यात मला काम दिसलं तर फी देईन. नाही दिसलं तर इंजिनिअरिंग पुरं करायचं."

"आणि दिसलं की नाही, हे कोण ठरवणार?"

"मी."

"दॅट्स नॉट फेअर."

"शॉपमध्येही मीच ठरवतो."

पांचाळ पॅटर्नमेकर होते. आधी साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात, मग डेट्रॉईटजवळच्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकारखान्याच्या, सुतारकामाच्या शॉपमध्ये. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात बनवावा लागतो. मग ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढायचं आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. गिऱ्हाईक लोखंड नेतं. लाकूड कोणाला दिसत नाही.

या कामाची पट्टी वेगळी असते. लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकूड तेवढंच मोठं करावं लागतं. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे इंचच वाढीव आखलेले असतात. नुसत्या डोळ्याला कळत नाही. पांचाळांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात अशी एक घडीची पट्टी कायम असायची. चष्मा विसरला जायचा, पट्टी कधी विसरली नाही.

ते राहत त्या ट्रॉय गावाच्या आसपास मराठी घरं होती ती डॉक्टरांची, इंजिनिअरांची. मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन माणूस विचारायचा, "आपण कुठल्या डिपार्टमेंटला?" पांचाळ सांगायचे, "मी सुतार आहे." समोरचा हसायचा, कारण त्याला तो विनोद वाटायचा. मग हसू ओसरायचं. पांचाळांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना राग होता तो इंजिनिअरांच्या ड्रॉइंगचा. कागदावर ठीक दिसणारी वस्तू वाळूतून बाहेरच निघणार नाही, एवढंही त्यांना कळू नये? मुलगी इंजिनिअर व्हावी असं त्यांना वाटे ते मानासाठी नव्हे. ड्रॉइंग काढण्याआधी लाकूडवाल्याला विचारणारा एक तरी इंजिनिअर जगात असावा, आणि सुताराच्या घरातली पोर तसं विचारेल, एवढंच.

शुक्रवारी रात्री प्रताप घारपुरेंचा फोन आला होता. मंडळाचे सेक्रेटरी, पुण्याचे, मोटार कंपनीत इंजिनिअर. शनिवारच्या मीटिंगला पांचाळ का येणार नाहीत, हे ऐकून ते मोठ्यांदा हसले. "रायगड, राजगड सोडून ओहायोत किल्ला बघायला चाललात? यार पांचाळ, तिथं तटावर कोकचं मशीन असेल!"

मशीन होतं. तटावर नव्हे, दरवाज्यापाशी.

साडेतीन तास गाडी चालवून ते नऊला किल्ल्यावर पोचले. चार बुरूज, खंदक, साखळ्यांचा पूल. पन्नासेक वर्षांपूर्वी कोणा श्रीमंत माणसानं हौसेनं बांधलेला. आत चिलखतं उभी होती आणि भिंतीवर भाले. माहिती सांगणाऱ्या बाई झोकात बोलत होत्या. शत्रू आला की इथून उकळतं पाणी ओतायचे, इथून बाण मारायचे.

"कोण शत्रू आला होता?" पांचाळांनी विचारलं.

"इथं नाही. युरोपात."

 पांचाळ बुरुजाच्या जिन्याखाली वाकले आणि बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. मग वीणाला बोलावलं.

"हात लाव. काय लागतं?"

"रेषा आहेत. लाकडासारख्या."

"फळ्यांचा ठसा आहे. काँक्रीट ओतलंय. दगड नुसता बाहेरून चिकटवलाय." ते सरळ झाले. "काम वाईट नाही. पण दाखवतात एक आणि केलंय दुसरंच. हेच शिकायचंय का तुला?"

वीणाचा चेहरा उतरला. गाडीत सुलभाताईंनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अजून मठ राहिलाय," त्या म्हणाल्या.

मठ सफरचंदाच्या बागेमागे होता. दार उघडलं ते ब्रदर ऑगस्ट नावाच्या साधूनं. साठीचा, थोराड हातांचा माणूस. काळ्या झग्याखाली शेतकऱ्याचे बूट. सुलभाताईंनी चपला दाराबाहेर काढल्या, पायमोज्यांवर आत गेल्या आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. वीणा दुसरीकडे बघू लागली.

ब्रदर ऑगस्टनं पिशवीत पाहिलं. नारळ बाहेर काढून कानाशी हलवला. "हे आमच्यासाठी?"

"यस. फॉर कुकिंग," सुलभाताई म्हणाल्या.

"मग साडेबाराला तुम्ही आमच्याकडे जेवाल," तो म्हणाला, जणू हेच चालत आलेलं होतं.

सुलभाताईंनी मुलीकडे पाहिलं.  

मधलं अंगण चौकोनी होतं, चारी बाजूंनी कमानींची ओसरी आणि तिच्या वर उंच दगडी भिंती. पांचाळ मधोमध उभे राहिले आणि टोपी काढली. देवासाठी नव्हे. दगडावर छिन्नीचे घाव होते, प्रत्येक घाव वेगळा. त्यांनी कमानीखाली जाऊन वर पाहिलं. अशी कमान उभी करायची तर आधी तिच्याखाली लाकडाचा साचा बांधावा लागतो. दगड बसले, चुना सुकला, की साचा काढून टाकायचा. आठशे वर्षांपूर्वी कोणी सुतारानं तो केला होता. त्याचं लाकूड कोणाला दिसत नव्हतं. पांचाळांना दिसलं.

मग त्यांची नजर उत्तरेच्या भिंतीकडे गेली. भिंतीत ओळीनं चौकोनी भोकं होती, मुठीएवढी. एकावर एक अशा तीन ओळी.

"ही कशाची?"

"कबुतरांची म्हणतात," ब्रदर ऑगस्ट म्हणाला. "पुस्तिकेतही तसंच आहे."

"कबुतरांची नाहीत. परांचीची आहेत." पांचाळांचं इंग्रजी कमी पडायला लागलं, तसं ते हातांनी बोलू लागले. भिंत चढते तसा माणूस चढला पाहिजे. म्हणून भिंतीला लागून उभे खांब रोवायचे आणि आडवी लाकडं एका टोकानं खांबाला बांधून दुसऱ्या टोकानं भिंतीत घुसवायची. काम झालं की लाकडं काढून घ्यायची. भोकं राहतात. कोकणातही असंच करतात.

बोलता बोलता ते थांबले. एक डोळा मिटून भिंत पाहिली.

"चुकलंय."

"काय चुकलंय?" वीणानं विचारलं.

"वरची ओळ बघ. उभा खांब खालपासून वरपर्यंत एकच. आडवी लाकडं त्यालाच बांधायची. म्हणजे वरचं भोक खालच्या भोकाच्या रेषेतच आलं पाहिजे. इथं तिसरी ओळ सरकलीय. आणि त्या पूर्वेच्या भिंतीलाही."

वीणा भिंतीजवळ गेली, मागं आली, पुन्हा गेली. "बाबा, म्हणजे हे दगड दुसऱ्या भिंतीचे आहेत? रचताना अदलाबदल झाली?"

"मी फक्त चुकलंय एवढं म्हणालो. पुढचं मला माहीत नाही."

ब्रदर ऑगस्ट म्हणाला की प्रत्येक दगडावर नंबर होता. फक्त तो खडूनं घातलेला होता आणि खोकी एक अख्खा हिवाळा बाहेर पडली होती.

"खडूनं?" पांचाळांना हे भोकं सरकल्यापेक्षा जास्त लागलं. "नंबर ठोकून घालायचा असतो!"

"मोजायला पाहिजे," वीणा म्हणाली. तिनं हात पुढे केला. पांचाळांचा हात सवयीनं आतल्या खिशात गेला आणि त्यांनी घडीची पट्टी तिच्या हातावर ठेवली.

ब्रदर ऑगस्टनं बागेतली सफरचंदं काढायची शिडी आणून दिली. वीणा खालच्या ओळीपासून सुरू झाली. वारा बोचरा होता. साडेबाराला घंटा झाली तेव्हा ती दुसऱ्या ओळीवर होती.

"जेवून घे गं."

"तुम्ही जा. आत्ता उतरले तर कुठवर आले ते विसरेन."

पाहुण्यांच्या खोलीत घेवड्याचं सूप, जाड पाव आणि सफरचंद होतं. एक साधू उभा राहून काही वाचत होता, बाकी सगळे गप्प जेवत होते. सुलभाताईंनी सुपात मांस नाही याची खूण करून खात्री करून घेतली आणि मग दोनदा वाढून घेतलं. उठल्यावर म्हणाल्या, "जेवताना बोलत नाहीत. वळण आहे. आणि तुमची मुलगी म्हणे टेंपल नाही." त्यांनी पाव रुमालात बांधला आणि नेऊन शिडीवर दिला. वीणानं तो न बघता खिशात टाकला.

पांचाळ ओसरीतल्या बाकावर बसले आणि बघत राहिले. वीणा प्रत्येक भोक दोनदा मोजत होती. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. आकडा आधी मोठ्यानं म्हणायची, मग लिहायची. हे तिला कोणी शिकवलं होतं? त्यांनी तर कधी शॉपमध्ये नेलं नव्हतं.

दोनच्या सुमारास ती खाली उतरली. बोटं लाल झाली होती. छत्तीस भोकं झाली होती आणि गोष्ट उघड दिसत होती. उत्तरेच्या भिंतीची वरची ओळ पूर्वेच्या खालच्या ओळींशी जुळत होती, पूर्वेची वरची उत्तरेशी. ब्रदर ऑगस्टनं वहीत पाहून शीळ घातली आणि मग साधूनं शीळ घालू नये हे आठवून गप्प झाला.

पण वीणाचा चेहरा खुलला नव्हता. तिच्या हातात मठाची पुस्तिका होती.

"बाबा, या दाराची रुंदी यात बारा फूट दिलीय. मी मोजली. अकरा फूट साडेदहा इंच भरते."

"पुस्तिकेत कबुतरंही आहेत."

"म्हणून तर तीनदा मोजली. तिन्ही वेळा तेवढीच." ती थांबली. "तुमची पट्टी खोटी आहे."

त्यांच्या पट्टीला खोटं म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी ती हातात घेतली आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं पाहिली. मग त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"पट्टी खरी आहे. चूक माझी आहे," ते म्हणाले. "ही ओतकामाची पट्टी. हिचे इंच वाढीव आहेत, म्हणून आकडे कमी भरतात. द्यायलाच नको होती. हात सवयीनं गेला."

"म्हणजे सगळे आकडे चुकले?"

"सगळे. पण सारख्याच मापानं चुकलेत. फुटामागे एक अष्टमांश. गुणून काढ. इंजिनिअरिंगची पोर आहेस, दहा मिनिटांचं काम."

हे त्यांनी मनापासून सुचवलं की तिला जोखायला, ते नंतर त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सुलभाताईंनाही नाही.

वीणानं वही पाहिली. सूर्य कलायला लागला होता आणि अर्ध्या अंगणात सावली होती. घरी जायला साडेचार तास लागणार होते.

"गुणून येईल," ती म्हणाली. "पण मग ते गुणलेले आकडे होतील. मोजलेले नाहीत. माझ्या नावाखाली मी ते नाही लिहिणार."

तिनं आधीच्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. खोडलं नाही, पान फाडलं नाही. वर लिहिलं, 'वाढीव पट्टीनं, चुकीचं.' मग ब्रदर ऑगस्टकडे वळली. "तुमच्याकडे टेप आहे? साधा?"

तो धावतच गेला आणि गोठ्यातून पत्र्याचा टेप घेऊन आला. पांचाळांनी टेप दारावर लावून पाहिला. बरोबर बारा फूट. मग त्यांनी जाकीट काढून मुलीच्या खांद्यावर टाकलं आणि शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

छत्तीस भोकं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा प्रत्येक दोनदा. एका ठिकाणी ते खालून म्हणाले, "टेपचं टोक ढिलं आहे, ओढून धर." ती वरून म्हणाली, "धरलंय. शिडी हलवू नका." त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली. शॉपमध्ये कोणी त्यांना असं सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर त्यांना आवडलंच असतं.

पावणेपाचला ती उतरली. तेव्हा तिला खिशातला पाव आठवला.

निघताना ब्रदर ऑगस्टनं आकड्यांची एक नक्कल मागून घेतली. मग सुलभाताईंना हळूच विचारलं की त्या पिवळ्या डाळीचं करतात काय. सुलभाताईंनी सांगितलं. शिजवायची, मीठ घालायचं, तूप घालायचं. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्या ओरडल्या, "अहो, हळद सांगायची राहिली!" पांचाळांनी गाडी वळवली. काम अर्धवट सांगू नये.

टोलेडो शहर मागं पडलं. मग मागून आवाज आला.

"मग? दिसलं?"

"काय?"

"बाबा!"

"दिसलं," पांचाळ म्हणाले. "सोमवारी सही कर." मग म्हणाले, "आणि ते कापडी बूट घालून पुन्हा शिडीवर चढलीस तर बघ."

 सुलभाताईंनी वळून पाहिलं. वीणा जाकिटात तोंड खुपसून बसली होती. रडत होती की झोपली होती, ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही.

पुढच्या मंडळाच्या जेवणात घारपुरेंनी गाठलंच. "काय ऐकतो पांचाळ? मुलगी इतिहासाला? पुढे करणार काय ती?"

"मोजणार," पांचाळ म्हणाले आणि भाताकडे वळले.

शॉपमधल्या त्यांच्या बाकावर बँडसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या एका मोठ्या यंत्राचं, चित्र बरीच वर्षं टाचणीनं लावलेलं होतं. निवृत्त झाल्यावर घरच्या गॅरेजमध्ये तो बसवायचा, एवढीच त्यांची स्वतःसाठीची इच्छा होती. त्यासाठी ते दर पगारातून पैसे बाजूला टाकत आले होते. सहलीनंतरच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते चित्र काढलं, घडी केली आणि डब्यात ठेवलं. 

बँडसॉ आला नाही. त्यांच्या हातांच्या कमाईतून आली ती वीणाची पुढची सगळी फी, आणि शेवटच्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एका पडक्या मठात दीड महिना काम करायला जाण्याचं विमानाचं तिकीट. पण त्याआधी, त्याच सोमवारी पाळी सुटल्यावर, ते कामगारांच्या दुकानात गेले आणि दोन वस्तू घेतल्या. पुढे पोलादी टोपी बसवलेले बूट, बायकी पायाचे, नंबर सहा. आणि एक घडीची पट्टी. साधी.

दुकानातून निघण्याआधी त्यांनी ती काउंटरवरच्या पट्टीला लावून पाहिली. बारा इंचाला बारा इंच.